अनुभव धागा: दवाखान्यात कायद्याचं नाव घेतलंत, मग पुढे काय झालं?

गोदाकाठ:
नाशिककरहो, रुग्णालय असो, विमा कंपनी असो की प्रांत कचेरी, आपल्या हक्काचा कायदा दाखवून काही पदरात पडलं असेल किंवा हात हलवत परत आला असाल, तर इथे लिहा. रुग्णालयाचं नाव मात्र नको. सुरुवात मी करतो.

वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं, मुंबई नाक्याजवळ दाखल केलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून केसपेपर मागितले, तर एकच पालुपद: "फाईल देत नाही, डिस्चार्ज समरी मिळेल." मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की रुग्णानं कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, बाबांची सही घेतली आणि झेरॉक्सवर पोच मागितली. काउंटरवरच्या मुलानं शिक्का शोधायला वीस मिनिटं लावली. ड्रॉवर झाला, बिलांचा गठ्ठा झाला, शेवटी आतून आणला तर पॅडची शाई सुकलेली. त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं तेव्हा कुठे अर्धा शिक्का उमटला. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सचे पैसे भरून सगळी फाईल हातात.

सिन्नर_फाटा:
आमचा अनुभव वाईट वेळेचा आहे. चुलते गेले तेव्हा बिलातले बासष्ट हजार बाकी होते. "पैसे भरा, मग बॉडी." रात्रीचे दोन, घरी काकू वाट बघतेय. वॉटर कूलरमागे एक बोर्ड अर्धा दिसत होता, 'रुग्ण हक्क सनद'. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ती सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, आणि बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. हे सगळं मला नंतर कळलं बरं का. तेव्हा फक्त कूलर सरकवला आणि बोर्डावरची ती ओळ मोठ्यानं वाचली. तासाभरात ताबा दिला.

पण गैरसमज नको, बिल माफ झालं नाही. चार हप्त्यांत फेडलं.

सातपूरची_आजी:
मुलानं फ्लॅट बक्षीसपत्रानं नावावर करून घेतला नि सहा महिन्यांत माझी भांडी वेगळी केली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतसाहेबांकडे अर्ज टाकला. वकील लागला नाही, मीच बोलले. निर्वाह भत्ता मिळाला, महिना सात हजार (कायद्यात जास्तीत जास्त दहा आहेत). फ्लॅट परत मिळाला नाही. 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द माझ्या दस्तात नव्हते, तेवढ्यावरच अडलं. दस्त करताना मी चष्मा घरी विसरले होते. बायांनो, चष्मा लावून सही करा.

रात्रपाळी:
धाकट्या भावाला बायपोलर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपनीला मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा लागतो. नाकारलेला क्लेम या एका मुद्द्यावर पुन्हा उघडला गेला. त्याबद्दल वेगळं लिहीन.

सांगायचंय ते दुसरंच. त्याच कायद्यात माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो, की आजार बळावला तर मला कसं वागवा, कसं वागवू नका, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. भाऊ एका रविवारी लिहायला बसला. पहिली ओळ: मला बांधू नका. दुसरी: दादा बोलेल. तिसरी: आईला रात्री फोन करायचा नाही, ती सकाळपर्यंत झोपत नाही. आम्हाला वाटायचं, त्याला त्या अवस्थेतलं काहीच आठवत नसेल.

काउंटरच्या_पलीकडे:
मी स्टाफ नर्स आहे, रागवा हवं तर. हक्क मागा, पण मोबाईलचा कॅमेरा रोखून नका येऊ. २०१० चा राज्याचा कायदा आमच्याही बाजूनं आहे, मारहाण-तोडफोडीला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि एक आतली गोष्ट: फाईल हवी असेल तर अर्ज डिस्चार्जच्या दिवशीच, सकाळी द्या. रेकॉर्ड रूममध्ये गेली की शोधणारा एकच मामा असतो आणि तो दुपारी जेवायला जातो.

सुरगाणा_ते_सीबीएस:
आमचं काही जमलं नाही, तेही लिहितो. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत, हे माहीत होतं. बहिणीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पिवळं रेशनकार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन एसटीनं आलो. "खाट शिल्लक नाही." किती खाटा, कोण त्यांवर, विचारलं तर "सोशल वर्कर उद्या येतील." उद्याही आले नाहीत. शेवटी सिव्हिलला नेलं, तिथे बरी झाली.

गोदाकाठ:
दादा, खाट नाही हे लेखी मागितलंत का? धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करताना लागतं.

सुरगाणा_ते_सीबीएस:
मागितलं ना ताई. तो म्हणाला, शिक्का नाहीये.

गोदाकाठ:
ताई नाही, दादाच आहे मी :) अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पोच मिळेल असा. मसुदा मी करून देतो.