यादवकाळातली मराठी मुळातून वाचायची आहे. सुरुवात कुठून करावी?

पानवाचक:
देवगिरीच्या यादवांच्या काळातलं मराठी लेखन, साधारण १२०० ते १३११ या शतकातलं, अनुवादाच्या कुबडीशिवाय वाचायचं आहे. ज्ञानेश्वरीचे अर्थासह पाठ झाले आहेत, पण अर्थाचं पान झाकलं की चौथ्या ओवीला गाडी अडते. कोणता ग्रंथ आधी घ्यावा, व्याकरणाची तयारी किती हवी, मोडी शिकावी लागेल का? सहा महिने, रोज अर्धा तास देता येईल.

गोदातीर:
मोडीचं आधी सांगते, कारण त्यात बरेचजण उगाच वर्ष घालवतात. यादवकालीन मराठी शिलालेख नागरीत आहेत आणि ग्रंथांच्या छापील प्रतीही नागरीतच आहेत. तुमच्या कामापुरती मोडी नको.

सुरुवात ज्ञानेश्वरीनं करू नका. ग्रंथ थोर आहे म्हणूनच नको. एकेका ओवीत उपमा, तत्त्वज्ञान आणि उलटसुलट शब्दक्रम एकत्र येतात, त्यामुळे भाषेशी अडलो की विचाराशी, हेच कळत नाही. आधी गद्य घ्या, आणि गद्यातही दृष्टांतपाठ. एकूण ११४ दृष्टांत आहेत, बहुतेक पाचदहा ओळींचे. रचना ठरलेली: महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचं सूत्र, मग त्यांचाच दृष्टांत, मग केशिराजांनी म्हणजे केसोबासांनी लिहिलेलं दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांत सूत्राला कसा लागू होतो याचा खुलासा. आंधळ्यांच्या हत्तीसारखी गोष्ट आधीच माहीत असते, म्हणून सगळं लक्ष शब्दरूपांकडे देता येतं. रोज एक घेतला तर चार महिने लागतात. दोन घ्या. दोन महिन्यांत कान तयार होतो.

त्यानंतर लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींचा (लीळांचा) ग्रंथ. त्याचे तीन भाग आहेत: चक्रधर एकटे हिंडत होते तो एकांक, मग पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. क्रमानं जाऊ नका, पूर्वार्धातल्या छोट्या लीळांपासून धरा. वाक्यं लहान असतात आणि बोलणं जसंच्या तसं येतं. अडखळायला होतं ते पंथाच्या आदरार्थी शब्दांवर, म्हणून ते पहिल्याच दिवशी वहीत उतरवा:

बीजें करणें म्हणजे जाणं किंवा येणं. आरोगणा म्हणजे जेवण, व्याळी म्हणजे रात्रीचं जेवण. पहुड म्हणजे निजणं, उपहुड म्हणजे उठणं. विहरण म्हणजे फिरायला जाणं. पूजावसर म्हणजे पूजेची वेळ. ‘गोसावी’ आणि ‘सर्वज्ञ’ म्हणजे चक्रधर, ‘भट’ म्हणजे त्यांचे शिष्य नागदेवाचार्य.

एवढ्यावर अर्धं पान सुटतं.

ताम्रपट:
गोदातीरांशी सहमत, फक्त एक सावधगिरी. लीळाचरित्र म्हाइंभटांनी रिद्धपूरला जमवलं, पण देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला गेला. म्हणून पाठ वेगवेगळे आहेत, लीळांचे क्रमांकही जुळत नाहीत. टिपण करताना नुसता लीळेचा आकडा लिहाल तर महिन्याभरानं दुसऱ्या प्रतीत ती सापडणार नाही. भाग, लीळेचं शीर्षक आणि संपादकाचं नाव, तिन्ही लिहा.

पुढे या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पंथाबाहेर जवळजवळ कोणाला वाचता येत नव्हत्या. याचा एक फायदा झाला. बाहेरच्यांचे हात कमी लागले, त्यामुळे जुनी रूपं बरीच टिकली.

ज्ञानेश्वरीचं उलट झालं. ती इतकी वाचली, उतरवली गेली की पाठ ढासळले आणि एकनाथांना शके १५०६ मध्ये (१५८४) ती शुद्ध करावी लागली. भाषेच्या अभ्यासासाठी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत शेजारी ठेवा. प्रचलित प्रतीत सोपी झालेली रूपं तिथे जुन्या वळणानं दिसतात.

पानवाचक:
व्याकरण स्वतंत्र शिकू का?

गोदातीर:
पुस्तकभर नको. सहा गोष्टी पुरे.

पुल्लिंगी नामाची प्रथमा उकारान्त: देवु, बोलु, परिवारु. ‘-तें’ म्हणजे ‘ला’: अमृतातें म्हणजे अमृताला. शेवटी ‘-एं’ दिसला तर बहुधा तृतीया: ज्ञानेश्वरें म्हणजे ज्ञानेश्वरानं. ‘-ईं’ दिसली तर सप्तमी: पाटणीं म्हणजे पाटणमध्ये. ‘कीजे’, ‘म्हणिजे’ ही कर्मणी रूपं आहेत: केलं जातं, म्हटलं जातं. आणि भविष्यकाळ ‘-ऐल’: लागैल, नागवैल.

यांत अनुस्वार सोडू नका. तो सुटला की विभक्तीच सुटते. आजच्या शुद्धलेखनाच्या सवयीनं डोळा तो गाळतो, म्हणून मोठ्यानं वाचा.

खरा घोटाळा ओळखीच्या शब्दांनी होतो. अनोळखी शब्दासाठी माणूस कोश उघडतो, ओळखीच्यासाठी उघडत नाही. ‘कीर’ बहुतेक वेळा पोपट नसून ‘खरोखर’ असतो. उपमांच्या रांगेतला ‘कां’ प्रश्न नसून ‘किंवा’ असतो, ‘नातरी’ही तसाच. ‘पुसणें’ म्हणजे विचारणं. ‘नागवणें’ म्हणजे लुटणं. केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, अशानं आपल्या स्वामींचा सामान्य परिवार ‘नागवैल’ म्हणून. अर्थ असा की संस्कृत न येणारी साधी माणसं ज्ञानाला मुकतील. या एका क्रियापदात महानुभावांचं सगळं भाषाधोरण आहे.

शकसंवत:
आठवड्यातून एक दिवस शिलालेखांना द्या. ग्रंथांच्या नकला होत गेल्या, पण दगडावरचं रूप त्याच काळाचं असतं. (नंतर कोरलेलं किंवा दुरुस्त केलेलं नसेल तर.)

पहिला घ्या चाळीसगावजवळच्या पाटणचा. यादव राजा सिंघण याचे मांडलिक निकुंभ यांच्या काळात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा हा लेख. आधी संस्कृत आणि शेवटी, बाजारातल्या मालावरचा कर मठाला द्यायची वेळ येते तिथे, मराठी. स्तुती संस्कृतात आणि देण्याघेण्याचा व्यवहार लोकांना कळेल अशा भाषेत. ‘केणें’ म्हणजे विक्रीचा माल, ‘दीन्हला’ म्हणजे दिला.

दुसरा पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख, शके ११९५ ते ११९९. देणगीदारांची यादी असल्यानं वाक्यरचना सोपी आहे. प्रत्यक्ष दगडावर मात्र फार वाचता येत नाही, कारण चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला पाठ घासली. छापील वाचन हाताशी ठेवा.

काळ काढताना शकात ७८ मिळवा. तिथी पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९. संवत्सराचं नाव तपासल्याशिवाय मात्र थांबू नका. पाटणच्या लेखात शके ११२८ आहे, पण प्रभव संवत्सर आणि श्रावणातलं चंद्रग्रहण जुळतं ते १२०७ मध्ये. नुसते ७८ मिळवून १२०६ लिहिणारे इथे चुकतात.

पानवाचक:
आणि काव्याकडे कधी वळू?

ताम्रपट:
चौथ्या महिन्यात. आधी महानुभाव कवयित्री महदाइसेचे धवळे (लग्नगीतं), गाण्यासाठी रचलेले असल्यानं सोपे. मग नरेंद्राचं रुक्मिणीस्वयंवर, आणि मगच ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय. त्यात २४७च ओव्या आहेत. अठरावा पुरा घेऊ नका, त्यात अठराशेच्या आसपास आहेत. पण त्याचा शेवट वाचा. तिथे ज्ञानदेव रामचंद्र यादवाला ‘न्यायातें पोषी क्षितीशु’ म्हणतात, सकळ कळांचा निवास म्हणतात.

त्याच दरबाराबद्दल महानुभाव काय सांगतात ते लगेच शेजारी ठेवा. चक्रधरांच्या छळाचा दोष ते यादवांचा मंत्री हेमाद्री याला देतात. नरेंद्राबद्दलची त्यांची आठवण अशी की रामदेवरायानं (म्हणजे याच रामचंद्र यादवानं) ओवीमागे सोन्याचं नाणं देऊन काव्य आपल्या नावावर मागितलं, तर कवीनं नकार दिला, ‘आमचिया कविकुळां बोलु लागैल’. बोलु म्हणजे इथे दूषण. गोदातीरांनी दिलेली उकारान्त प्रथमा आणि ‘-ऐल’ भविष्यकाळ, दोन्ही या चार शब्दांत आहेत.

शकसंवत:
मुकुंदराजांचा विवेकसिंधु मुद्दाम सुचवला नाही. परंपरेनं त्याचा काळ शके १११० मानतात, पण हातात येणाऱ्या प्रतींची भाषा बरीच नंतरच्या वळणाची आहे. विषयासाठी जरूर वाचा, तेराव्या शतकाची रूपं शिकण्यासाठी नको.