मदत हवी आहे: नानांना 'गुलाबी साडी' ऐकू येते, सिनेमातलं बोलणं येत नाही

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना. सिनेमाचा आहे, गाण्यांचा आहे आणि कानाचाही आहे. चुकला असेल तर हलवा.

राहतो पारोळ्याला. घरी मी, बायको, सातवीतली मुलगी आणि वडील, म्हणजे नाना. वय ७२. कापसाच्या जिनिंगमध्ये (सरकी वेगळी काढतात तिथे) मशीनवर तीस हंगाम काढले, त्यामुळे आमच्याकडे आधीपासूनच सगळे जरा मोठ्यानेच बोलतात. दिवाळीत ४३ इंची टीव्ही घेतला आणि तेव्हापासून नेम झालाय, रविवारी जेवणं आटोपली की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा.

मागच्या महिन्यात 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लावला. रीमा कागतीचा, २०२५ मध्ये थेटरात आलेला. मुद्दाम नानांसाठी. कापसाच्या गठाणींच्या निमित्ताने नाना मालेगावला पुष्कळदा जायचे आणि ज्याच्यावर हा सिनेमा आहे त्या नासिर शेखच्या 'मालेगाव के शोले'ची सीडी आमच्या घरी होती. यंत्रमागांच्या गावात चार दोस्त पैसे गोळा करून स्वतःचा सिनेमा काढतात, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही. मला तर तो फार आवडला. शफीकचं काम करणाऱ्या शशांक अरोराचा चेहरा दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

पण मध्येच माझं लक्ष नानांकडे गेलं. नाना टीव्हीकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसलो की दोन सेकंदांनी हसायचे, मी गप्प झालो की गप्प. सिनेमा संपल्यावर विचारलं, कसा वाटला? म्हणाले, "चांगला शे." मग जरा थांबून, "माले आयकू येस रे, पन समजत नही."

तेव्हापासून मी दुभाष्या झालोय. दर दोन मिनिटांनी "काय म्हनी ऱ्हायना तो?" (काय म्हणतोय तो?) आणि मी सांगेपर्यंत पुढचे दोन संवाद गेलेले. ना त्यांचा सिनेमा होतो, ना माझा.

आता खरा घोळ पुढे आहे. हेच नाना 'गुलाबी साडी' अख्खं गुणगुणतात! मुलीच्या मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ झालंय. संजू राठोड आपल्या जळगाव जिल्ह्याचा, त्यामुळे घरात त्याचं कौतुक जास्तच. मला स्वतःला ते गाणं २०२४ च्या लग्नसराईत डीजेवर ऐकून नकोसं झालं होतं. नानांमुळे परत नीट ऐकलं आणि मत बदललं. गडी किती सहज म्हणतो, ओट्यावर बसून कुणाची तरी थट्टा करावी तसं. कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) उत्सवात रात्री बायका म्हणतात ती गाणी तर नाना ओसरीतून ऐकतात आणि कोणती बाई कुठे चुकली तेही सांगतात. पण 'महाराष्ट्र शाहीर'मधलं 'बहरला हा मधुमास' (अजय-अतुल आणि श्रेया घोषाल, माझं सध्याचं सगळ्यात आवडतं) लावलं, तर म्हणाले, "चाल गोड शे, पन शबद समजत नही."

मग कान गेलाय म्हणावं की नाही? बायकोचं मत, नानांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. (हे मत फक्त नानांपुरतं नाही, माझ्याबद्दलही आहे.)

करून पाहिलेले उपाय:
आवाज १८ वरून ३५ वर नेला. बोलणं तरीही कळेना, आणि पार्श्वसंगीत सुरू झालं की नानाच दोन्ही कानांवर हात ठेवून "कमी कर, कमी कर" म्हणतात. मुलीचे ब्लूटूथ हेडफोन त्यांना लावले, तर टीव्ही मुका झाला आणि बाकीचे आम्ही मूकपट बघत बसलो. सबटायटल लावले, ते इंग्रजी. नाना रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, पण मराठीत. मराठी सिनेमा, बघणारा मराठी, खाली अक्षरं इंग्रजी. ही काय तऱ्हा? आम्ही आतापर्यंत लावलेल्या एकाही मराठी सिनेमाला खाली मराठी नव्हतं.

तर विचारायचं ते असं: टीव्हीत काही बदलता येतं का, साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घेऊन फरक पडेल का, आणि मराठी सबटायटल असलेले सिनेमे कुणाला माहीत आहेत का? कानाचं मशीन हा शब्द काढला की नाना उठून अंगणात जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रतिसाद १

मूळचा चाळीसगावचा, सध्या पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो. तुमचे नाना बरोबर आहेत.

गाण्याच्या मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र बसवतात त्यात) गायकाचा आवाज सगळ्यांच्या पुढे बसवलेला असतो. शिवाय तो दाबून सपाट केलेला असतो, म्हणजे हळू म्हटलेला शब्दही मोठ्या शब्दाच्या बरोबरीने येतो. खाली बीट, वर गळा, मध्ये फार गर्दी नाही. आणि मुखडा दहादा येतो. 'मधुमास'मध्ये वाद्यमेळ भरगच्च आहे, त्यात शब्द बुडतो. मला तोच भरगच्चपणा आवडतो, पण ते माझे कान झाले.

सिनेमाचा आवाज मुळात थेटरासाठी केलेला असतो. ५.१ मध्ये, म्हणजे सहा वाटांच्या आवाजात, बोलणं जवळजवळ सगळं पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमध्ये, संगीत आणि इतर आवाज बाजूच्यांत. तुमच्या टीव्हीला स्पीकर दोन, तेही खाली तोंड करून बसवलेले असणार. सहा वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबला की पहिला बळी बोलण्याचा जातो. त्यात कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर थेटराइतकंच राहतं.

आणखी एक. पूर्वी आपल्याकडे बहुतेक सिनेमांचे संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे, म्हणून शब्द न् शब्द खणखणीत. २००१ च्या 'लगान'नंतर चित्रीकरणाच्या जागीच आवाज घ्यायची पद्धत परत रुजली. अभिनय खरा वाटतो, पण नट तोंडातल्या तोंडात बोलला तर तसंच येतं. नानांना एखादा साठच्या दशकातला सिनेमा लावून बघा, फरक लगेच कळेल.

पैसे न लागणारे उपाय आधी करा. ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत ५.१ आणि साधा स्टिरिओ असे दोन पर्याय असतील तर साधा घ्या. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये सराउंड बंद करा, डिजिटल आउटपुटच्या यादीत पीसीएम (साधा आवाज) निवडा. क्लिअर व्हॉइस, व्हॉइस झूम, डायलॉग असं काहीतरी कंपनीगणिक वेगळ्या नावाचं बटण असतं, ते चालू करा. नाइट मोड असेल तर तोही, त्याने मोठे आवाज दबतात. साउंडबार घ्यायचाच तर ३.१ बघा, त्यात बोलण्यासाठी मधला स्पीकर वेगळा असतो. तो नसलेला २.१ घेतला तर नुसता धमाका वाढेल आणि नाना अंगणातच राहतील.

प्रतिसाद २

धुळ्यात श्रवणतपासणीचं काम करते. वरचे उपाय कराच, पण "ऐकू येतं, समजत नाही" हे वाक्य मी रोज ऐकते.

वयाने आणि यंत्रांच्या आवाजाने कानातल्या बारीक, उंच सुरांच्या पेशी आधी जातात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांची ओळख उंच पट्टीत असते, ती पुसली जाते. म्हणून 'साप' आणि 'थाप' सारखेच वाटू शकतात. गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या श्रवणतपासणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या (उंच पट्टीच्या) आसपास खड्डाच दिसतो. कानबाईची गाणी त्यांना पाठ आहेत, तिथे कान अर्धं ऐकतो आणि डोकं उरलेलं भरतं. नव्या सिनेमात भरायला काही नसतं.

आवाज वाढवला की त्रास होतो, हेही त्यातलंच. हळू आवाज येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो. त्याला रिक्रूटमेंट म्हणतात. त्यामुळे टीव्ही ३५ वर नेऊ नका.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ आहे का ते बघून घ्या, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. खर्चाची चिंता असेल तर केंद्र सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र आहे, उत्पन्नाची अट बघा.

आणि एक, मशीन म्हणू नका. "सिनेमासाठी तपासून घेऊ" म्हणा.

प्रतिसाद ३

उपाय नाही, फक्त माहिती. मार्च २०२४ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने थेटरातल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कॅप्शन (पडद्यावर लिहून येणारं बोलणं) धरले आहेत. घरच्या टीव्हीवर मराठी अक्षरं कधी दिसतील ते मात्र विचारू नका. बाकी नानांना 'बबल्या इकस केसावर फुगे' हे अहिराणी गाणं ऐकवलं का? त्यात शब्द समजले नाही तरी चालतं.

धागाकर्ता, आठ दिवसांनी

सगळ्यांचे आभार. सराउंड बंद केला. आमच्या टीव्हीत ते बटण 'क्लिअर व्हॉइस' नावाने चौथ्या पायरीवर लपलेलं होतं, मुलीने शोधलं. आवाज २० वर आला. रविवारी 'आता थांबायचं नाय' लावला, मुंबई महापालिकेतले सफाई कामगार दहावीला बसतात तो. "काय म्हनी ऱ्हायना" मोजून सहा वेळा. आधी निदान पन्नास व्हायचं. आणि एका ठिकाणी नाना माझ्या आधी हसले. नानांची शाळा सातवीत सुटली आहे. सिनेमा संपल्यावर मुलीला विचारत होते की रात्रशाळा पारोळ्यात असते का.

'बबल्या' ऐकवलं. "काय कालवा शे" म्हणून उठले, पण सकाळी शेंगा फोडताना तेच तोंडात.

ताई, तुमची युक्ती चालली. गुरुवारी धुळ्याला जातोय. "सिनेमासाठी" म्हटल्यावर फक्त एवढं विचारलं, येताना शेवभाजी खायची का.

मराठी सबटायटलची यादी मात्र अजून कुणी दिली नाही. असेल तर टाका. नानांनी वाचायचा चष्मा टीव्हीखालच्या फळीवर आणून ठेवलाय.