मदत हवी आहे : युरोप बॅकपॅकिंग, वॉर्सॉ ते बुडापेस्ट. आराखडा तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी मामेबहीण, दोघीच, येत्या सप्टेंबरात युरोपला जायचं म्हणतोय. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं आहे. पाठीवर एकेक सॅक, हॉस्टेलमध्ये मुक्काम आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला रेल्वेने. मी कोल्हापूरची, ती पुण्यात नोकरीला. सुट्टी जेमतेम तीन आठवडे मिळेल. दोघींचाही पहिलाच परदेश प्रवास आहे, म्हणून माहितगारांनी आराखड्यावर नजर टाकावी ही विनंती.

घरच्यांच्या डोक्यात युरोप म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि रोम. ही यादी तीन आठवड्यांवर मांडून बघितली तर दर दोन दिवसांनी सामान आवरून स्टेशन गाठावं लागतं. स्वित्झर्लंडचे दर आमच्या खिशाला झेपणारे नाहीत. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना रेल्वे पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. त्यामुळे तो सगळा पट्टा बाजूला ठेवून आम्ही मध्य युरोप धरलाय.

पोलंडपासून सुरुवात करण्यामागे घरचं कारण आहे. माझ्या आजीचं माहेर कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावालगतचं. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून इराणमार्गे ती आपल्याकडे पोचली. सोनेरी केसांच्या, परकराएवढेच लांब फ्रॉक घातलेल्या मुली बाजारात भाजीचे भाव कसे मराठीत विचारायच्या, हे आजी अजून सांगते. वॉर्सॉमध्ये मोंते कासिनो लढाईच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. मला तिथे जायचंय आणि आजीला तिथून व्हिडिओ कॉल लावायचाय. 'पोलंडमध्ये काय आहे एवढं, ते काढा आणि पॅरिस घाला' असं बरेच जण सुचवतात. ते मात्र होणार नाही, एवढं गृहीत धरून सल्ला द्या.

सध्याचा आराखडा असा आहे. वॉर्सॉत तीन रात्री, क्राकूफला चार (त्यातला एक दिवस आउश्वित्झच्या नाझी छळछावणीसाठी), प्रागला चार, व्हिएन्नाला तीन, बुडापेस्टला चार. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर आहे, तेव्हा ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत. विमान जाताना वॉर्सॉचं आणि येताना बुडापेस्टहून, म्हणजे उलटं वॉर्सॉला यायला नको. यात दोन-तीन दिवस शिल्लक राहतात. बहिणीचा जीव स्लोव्हेनियातल्या ब्लेडच्या तळ्यात अडकलाय.

खर्च माणशी सव्वादोन लाखांत बसवायचा आहे. युरोचा दर शंभराच्या वरच धरलाय. विमान, व्हिसा आणि विमा सोडून दिवसाला माणशी साठ युरो: हॉस्टेलचा बेड तीसच्या आसपास, बाकी जेवण, ट्राम आणि तिकिटं. हा अंदाज खरा आहे का?

आता प्रश्न. युरेल पास (अनेक देशांत चालणारा रेल्वे पास) घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत? व्हिसासाठी अर्ज पोलंडकडेच करायचा ना? ब्लेड जमेल का? बहीण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही, तिचं कसं होईल? आणि क्राकूफ ते प्राग रात्रीची गाडी घ्यावी का? एका रात्रीच्या हॉस्टेलचे पैसे वाचतील, पण दोघी मुलींनी जावं का, हे आईला पटवून द्यायचंय. की पटवू नये?

---

प्रतिसाद :

मी नोकरीनिमित्त चेकमध्ये ब्रनोला राहतो, त्यामुळे या पट्ट्यातल्या गाड्या पायाखालच्या आहेत. तुमचा आराखडा चांगला आहे आणि पोलंड तर मुळीच काढू नका.

पास घेऊ नका. तुमचे मोठे प्रवास मोजून चार: वॉर्सॉ-क्राकूफ (वेगवान गाडीने अडीच तासांच्या आत), क्राकूफ-प्राग, प्राग-व्हिएन्ना (चार तास), व्हिएन्ना-बुडापेस्ट (पावणेतीन तास धरा). त्या त्या देशाच्या रेल्वेच्या ॲपवर महिना-दीड महिना आधी तिकीट काढलं तर यातले बरेच टप्पे वीस-पंचवीस युरोंत होतात. पासची किंमत वसूल व्हायला रोज लांबचा प्रवास हवा, आणि तुम्ही तर मुद्दाम कमी फिरताय. स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरतं चालतं. गाडी चुकली की पैसे गेले, तेवढं लक्षात ठेवा.

खरी अडचण क्राकूफ-प्राग टप्प्याची. दिवसा सात-आठ तास जातात आणि बऱ्याचदा बोहुमीन किंवा ओस्ट्राव्हाला गाडी बदलावी लागते. रात्रीची गाडी आहे, पण ती प्रागला भल्या पहाटे सोडते. हॉस्टेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. रात्रभर नीट झोप नाही, सामान लॉकरमध्ये टाकायचं आणि डोळे चोळत चार्ल्स पुलावर उभं राहायचं. तो दिवस वाया जातो.

त्याऐवजी ओलोमोउत्सला एक रात्र काढा. ते याच मार्गावर आहे, ओस्ट्राव्हाहून रेल्वेने साधारण तासाभरावर. जुनं विद्यापीठाचं गाव, मोठे चौक, चौकाचौकात कारंजी आणि मधोमध पवित्र त्रिमूर्तीचा तो प्रचंड स्तंभ, जो २००० साली युनेस्कोच्या यादीत गेला. प्रागच्या गर्दीचा इथे मागमूस नाही आणि जेवणही स्वस्त. दुसऱ्या दिवशी सव्वादोन-अडीच तासांत प्राग.

ब्लेड सुंदर आहे, पण या वेळी नको. बुडापेस्टहून ल्युब्ल्यानाला आठेक तास लागतात, तिथून बसने सव्वा तास, आणि परतीचं विमान बुडापेस्टचं. दोन दिवस निव्वळ प्रवासात जातील. बहिणीला तळंच बघायचं असेल तर क्राकूफला एक रात्र वाढवा आणि झाकोपानेला जा. बसने दोन-अडीच तास. तिथून पुढे तात्रा डोंगरातलं मोर्स्किये ओको नावाचं तळं आहे. शेवटचे आठ-नऊ किलोमीटर चालत जावं लागतं, रस्ता डांबरी आहे. पहाटेची बस धरा, संध्याकाळी क्राकूफला परत. सप्टेंबरात वर थंडी असते, जाड जॅकेट न्या.

साठ युरो प्रागपर्यंत पुरतील, थोडे उरतीलही. व्हिएन्नात कमी पडतील. तिथे ऑपेराचं उभं राहून बघायचं तिकीट मात्र चुकवू नका, अगदी थोड्या युरोंत मिळतं. सप्टेंबरात हंगाम सुरू होतो. मी गेलो तेव्हा लोक आत शिरल्याबरोबर समोरच्या दांडीला रुमाल बांधत होते आणि जागा धरून बिनधास्त फिरायला जात होते. आपल्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, आणि तो रुमाल कुणीही हलवत नव्हतं.

---

प्रतिसाद :

व्हिसाबद्दल लिहिते, कारण गेल्या वर्षी आईला घेऊन मी हे सगळं केलं.

नियम असा: ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. तुमच्या पोलंडच्या सात रात्री होतात, झाकोपानेसाठी एक वाढवली तर आठ. ओलोमोउत्स धरूनही चेकच्या पाचच. म्हणजे पोलंडच, शंका नाही. पण पुढे आराखड्यात हलवाहलव केलीत तर पोलंडच्या रात्री चेकपेक्षा कमी होणार नाहीत हे बघा.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. तुम्ही पंधरा दिवसांवर अजिबात जाऊ नका. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, आणि कधीकधी पंचेचाळीसपर्यंत लागतात. सप्टेंबरसाठी मे-जूनमध्येच वेळ घेऊन टाका. उन्हाळ्यात सगळा भारत निघतो आणि तारखा मिळत नाहीत. शुल्क नव्वद युरो, व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. विमा किमान तीस हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत (हा एकच व्हिसा चालतो त्या युरोपीय देशांत) चालणारा हवा.

कागदपत्रांत कंपनीचं रजेचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरण ही तीन नीट ठेवा. बँकेत ऐनवेळी कुणाकडून तरी दोन लाख आणून भरू नका, ते लगेच दिसतं. शिल्लक काही महिने सावकाश वाढलेली बरी. सोबतच्या पत्रात दिवसवार लिहा: कुठल्या तारखेला कुठलं गाव, कुठलं हॉस्टेल, कशाने जाणार. वळिवड्याची हकीकतही चार ओळींत लिहा. ती खरी आहे आणि प्रवासाचं कारण सांगते. हॉस्टेलची आरक्षणं रद्द करता येणारी घ्या. एजंट खोटी आरक्षणं काढून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

आणखी एक. वाटेत फ्रँकफर्टसारख्या शेंगेन विमानतळावर विमान बदलणार असाल तर पासपोर्ट तपासणी तिथेच होते. आता शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करतात, त्याला रांग लागते. दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा.

---

प्रतिसाद :

शाकाहारी बहिणीसाठी. पोलंडमध्ये 'पिएरोगी रुस्किये' मागायचे: बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेले, उकडलेले. पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून आधीच नको म्हणून सांगा. अंड्याबद्दलही विचारा, काही ठिकाणी पिठात अंडं असतं. चेकमध्ये तळलेलं चीज सगळीकडे मिळतं, पण त्याच्या आवरणात अंडं असतं, म्हणजे तिला चालणार नाही. बुडापेस्टला लांगोश खा, आंबट साय आणि किसलेलं चीज घातलेली मोठी तळलेली पुरी. मात्र रोज बाहेर खाऊ नका. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल निवडा, लिडल किंवा बिलामधून भाजी आणि डाळ आणून संध्याकाळी करा. ओळखी तिथेच होतात.

घरून थेपले, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

आउश्वित्झचं आरक्षण तारीख ठरल्याबरोबर करा. अधिकृत संकेतस्थळावर नावानिशी होतं, आणि मोठी सॅक आत नेता येत नाही. त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. पोलंडमध्ये पासपोर्ट दाखवून प्रीपेड सिम घ्या, तेच पुढे चेक, ऑस्ट्रिया, हंगेरीत चालेल.

---

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री बहिणीशी बोलले. ब्लेड गेलं, झाकोपाने आलं, आणि तात्राचे फोटो बघून ती खूश आहे. रात्रीची गाडी रद्द, ओलोमोउत्स पक्कं. आईला हे कळल्यावर तिने थेपल्यांची जबाबदारी घेतलीय. पास घेत नाही.

व्हिसाच्या तारखेसाठी उद्यापासून बसते. ब्रनोच्या दादांना एक विचारायचंय: ओलोमोउत्सला मुलींसाठी वेगळी खोली असलेलं, स्टेशनपासून चालत किंवा ट्रामने जाता येईल असं हॉस्टेल माहीत आहे का? आणि क्राकूफहून सकाळी कितीच्या गाडीने निघालो तर उजेडात पोचू?