वेटेड जीपीए, ऑनर्स, एपी... कोणी मराठीत समजावेल का?

गोंधळलेली_आई
नमस्कार मंडळी, आम्ही टेक्ससमध्ये, लेक नववीत, पब्लिक स्कूल. दहावीचे कोर्स निवडायचा फॉर्म आलाय, शुक्रवारपर्यंत द्यायचाय आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. आपण टक्के मोजत वाढलेली माणसं, इथे रिपोर्ट कार्डवर दोन दोन जीपीए (म्हणजे ग्रेडच्या पॉइंट्सची सरासरी), अनवेटेड ३.८३ आणि वेटेड ४.०८. अहो चारपैकी चारच्या वर कसे मिळतात?? सहा विषय आहेत, पाचात ए, ऑनर्स बायोलॉजीत बी. त्यात मैत्रिणीचा मुलगा दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, त्याचा म्हणे ५.४. आमची मागे पडली का? आणि ऑर्केस्ट्रा सोडून तिथे एपी घे असं तिला वर्गातल्या कोणीतरी सांगितलंय, व्हायोलिन तिचा जीव की प्राण आहे, काय करू?

दोन_पिलांचा_बाप
ताई आधी पाणी प्या. मागे वगैरे काही पडलेली नाही.

अनवेटेडमध्ये ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, विषय कुठलाही असो. पाच ए नि एक बी म्हणजे २३, भागिले ६, आले ३.८३. वेटेडमध्ये कठीण कोर्सला वरून वजन टाकतात, बऱ्याच ठिकाणी ऑनर्सला (साध्यापेक्षा कठीण कोर्स) अर्धा पॉइंट आणि एपीला (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा कोर्स) एक. तुमच्या आकड्यावरून दिसतंय की तिचे तीन ऑनर्स असणार, म्हणजे दीड पॉइंट जास्त, २४.५ भागिले ६, झाले ४.०८. बरोबर ना?

आता मैत्रिणीचा मुलगा. टेक्ससमध्येच काही डिस्ट्रिक्टचं (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाचं) स्केल ५ चं, काहींचं ६ चं, काही ठिकाणी तर सरळ १०० च्या हिशोबात चालतं. त्यामुळे ५.४ आणि ४.०८ शेजारी ठेवणं म्हणजे किलो आणि लिटरची तुलना, त्याला काही अर्थ नाही. कॉलेजला ट्रान्स्क्रिप्टबरोबर शाळेचं प्रोफाइल जातं, त्यात स्केल काय, शाळेत कुठले एपी मिळतात हे सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या शाळेत जे मिळत होतं त्यातलं मुलीने किती पेललं हे ते बघतात.

कॅलिफोर्नियाकर
वरच्यांशी सहमत. शिवाय कित्येक युनिव्हर्सिट्या शाळेचा वेटेड आकडा बाजूला ठेवून आपला आपण काढतात. आमच्याकडे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) तर ग्रेडचे प्लस मायनसही धरत नाही, जीपीएत नववीचे ग्रेड मोजत नाही (पास मात्र व्हावं लागतं), आणि जास्तीचे पॉइंट फक्त आठ सेमिस्टरपर्यंत, त्यातले दहावीचे चारच. म्हणजे पोराने पंधरा एपी केले तरी त्या हिशोबात काही आभाळ फाटत नाही. आणि राज्याबाहेरच्या मुलांना शाळेच्या ऑनर्सचा जादा पॉइंट तिथे मिळत नाही, एपी आणि आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, तोही तसाच कठीण अभ्यासक्रम) मिळतो, हे लक्षात ठेवा तिकडे अर्ज करायचा असेल तर.

रँकवाला_काका
थांबा थांबा, वेटेडला एवढंही उडवून लावू नका, ताई टेक्ससमध्ये आहेत. इथे १९९७ चा कायदा आहे, वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांत आलात की राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप अ‍ॅडमिशन. फक्त यूटी ऑस्टिनचा (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस, ऑस्टिन) आकडा वेगळा, २०२६ च्या फॉलपासून तिथे वरचे ५ टक्के. आणि हा रँक बहुतेक ठिकाणी वेटेडवरच लागतो. म्हणजे बाहेरच्याशी तुलना नको पण वर्गातल्या वर्गात त्या दशांशावर मारामारी असते, आमच्या घरात झालीये.

ऑर्केस्ट्रावाली
हा ऑर्केस्ट्राचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे लांबण लागेल, माफी. गंमत बघा, सहा विषय, पाच एपी आणि एक ऑर्केस्ट्रा, सगळ्यात ए. पाच पाचे पंचवीस अधिक चार, २९ भागिले ६, ४.८३. आता तीच मुलगी ऑर्केस्ट्रा सोडून त्या तासाला स्टडी हॉलमध्ये नुसती बसली, तर २५ भागिले ५, चक्क ५.००. कमी काम केलं आणि जीपीए वाढला! पूर्ण मार्क मिळवून व्हायोलिन वाजवल्याबद्दल दंड. हे गणित मुलांना आठवीतच कळतं, आणि मग वाद्यं माळ्यावर जातात. म्हणून काही डिस्ट्रिक्ट रँक काढताना फाइन आर्ट्स धरतच नाहीत, पण ते त्यांच्या लोकल पॉलिसीत लिहिलेलं असतं, कोणी आपणहून सांगत नाही. फॉर्म भरायच्या आधी काउन्सेलरला हा एकच प्रश्न मेलवर विचारा, तोंडी नको. मी तोंडी विचारलं होतं, उत्तर चुकीचं निघालं आणि मुलाने चेलो सोडल्यावर कळलं की तो मोजलाच जात नव्हता. अजून बोच आहे.

गोंधळलेली_आई
बाप रे, आताच मेल टाकते. तीन ऑनर्स बरोबर ओळखलेत दादा! अजून एक, एपीची परीक्षा बिघडली तर ग्रेड खाली येतो का?

दोन_पिलांचा_बाप
नाही. वर्गातला ग्रेड शिक्षक देतात आणि तोच जीपीएत जातो. परीक्षा कॉलेज बोर्डाची (एपी चालवणारी संस्था), मे महिन्यात, १ ते ५ स्कोअर, निकाल जुलैत, तोवर ग्रेड लागून गेलेला असतो. तो स्कोअर पुढे कॉलेजात क्रेडिटसाठी कामी येतो, कुठे ३ ला चालतं, कुठे ५ च लागतो. नाव मात्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवावं लागतं, नाहीतर लेट फी.

दहावीला एकच एपी घ्या असं माझं मत, बरीच मुलं वर्ल्ड हिस्टरी घेतात. पण तिला लिहायचा कंटाळा असेल तर जपून, त्यात डीबीक्यू (कागदपत्रांवर आधारित प्रश्न) असतो, सात कागदपत्रं हातात देतात आणि तासाभरात ती वाचून निबंध लिहायचा. माझी थोरली पहिल्या वेळी रडली होती. आणि एपीतला बी वेटेडमध्ये ४ दिसतो खरा, पण अनवेटेडमध्ये तो ३ च.

गोंधळलेली_आई
काउन्सेलरचं उत्तर आलं, आमच्याकडे ऑर्केस्ट्रा जीपीएत दिसतो पण रँकमध्ये धरत नाहीत!! व्हायोलिन राहतंय. एपी वर्ल्ड, ऑनर्स केमिस्ट्री, बाकी साधे, आत्ताच फॉर्म सबमिट केला. ऑर्केस्ट्रावाली ताई, तुम्हाला पेढे.