लू नदीच्या उगमावरचं पाणलोट क्षेत्र इतकं लहान का येतंय?

टिळकवाडी_भूगोल: बेळगावच्या प्रदर्शनासाठी पूर्व फ्रान्समधल्या लू नदीचा नकाशा करतोय. कणकुंबीकडून मलप्रभेचं पाणलोट क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित निघालं. ऊआँ गावाजवळ लूच्या उगमावर बिंदू ठेवला की मात्र वर चिमूटभरच क्षेत्र येतं. तिथं तर कड्यातल्या गुहेतून आख्खी नदी बाहेर पडते. चुकतंय कुठं?

खानापूरकर_नकाशे: सॉफ्टवेअर बरोबर आहे, पद्धत तिथं लागू नाही. डीईएमला, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या आकड्यांच्या नकाशाला, फक्त जमिनीवरचा उतार कळतो. लूचा हा ज्युरा डोंगराळ प्रदेश म्हणजे चुनखडी; पाऊस भेगांतून खाली उतरतो आणि भुयारांतून वाहतो. त्यात आपण 'खळगे भरा' ही पायरी चालवतो, तेव्हा पाणी गिळणारी खरी विवरंच बुजतात आणि नसलेले ओढे उमटतात. उगमाच्या वरची ती सीमा काढून टाका.

त्याऐवजी पोंतार्लिए गावाजवळ, जिथं शेजारच्या दू नदीचं पाणी जमिनीत जातं, तिथपासून लूच्या उगमापर्यंत तुटक रेषा दाखवा. ऑगस्ट 1901 मध्ये पोंतार्लिएचा पेर्नो कारखाना जळाला, तेव्हा बरीच अॅबसिंथ दारू दू नदीत गेली आणि पुढच्या दिवसांत तिचा वास लूच्या उगमाशी आला. 1910 मध्ये गुहा-संशोधक मार्तेल यांनी दू नदीत फ्लुओरेसीन रंग सोडला, तोही लूमध्ये उतरला.

टिळकवाडी_भूगोल: म्हणजे लूचं सगळं पाणी दूचंच?

खानापूरकर_नकाशे: नाही हो. मधल्या पठारावर मुरलेला पाऊसही त्यात आहे. म्हणून तुटक रेषेला 'भूमिगत जोड' एवढंच लिहा, 'उगम' लिहू नका.

घटप्रभा_काठ: खालचा मार्ग असा लावा: मूतिए, लो, ऑर्नाँ, मग कँजे. इथवर खोल दरी. लिझों, सालँकडून येणारी फ्युरिएझ आणि आर्बुआची क्विझाँस, या तिन्ही उपनद्या डाव्या काठाने मिळतात. पुढे व्हाल दामूरच्या सपाटीत पात्र रेती-गोट्यांचं आहे आणि वळणं सरकत आलेली आहेत. विसाव्या शतकात बराच भाग सरळ करून बांधही घातले, त्यामुळे जुन्या नकाशावरून काठ गिरवलात तर हमखास चुकेल; ताजी उपग्रह प्रतिमा घ्या.

लू आणि दूचा संगम दोल शहराच्या खाली पार्से इथे, दूच्या डाव्या काठाला. लूची लांबी सुमारे 125 किमी. दू मात्र ईशान्येला स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत जाऊन, वळसा घेऊन पार्सेला येते, म्हणजे पोंतार्लिएला जमिनीत गेलेलं पाणी जवळच्या वाटेने पुन्हा तिलाच मिळतं. दोन्ही नद्या एकाच चौकटीत घ्या, नाहीतर तुटक रेषेचा अर्थच लागणार नाही.