वजन उतरण्यात स्वभावाचा वाटा किती?

निरभ्र:
पाच-सात किलो वाढलेल्यांबद्दल हा धागा नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ४० च्या वर गेलेल्यांबद्दल आहे. दोघांची बेरिॲट्रिक (वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ती) शस्त्रक्रिया एकाच पद्धतीची होते. एकाचं वजन उतरतं आणि तसंच राहतं, दुसऱ्याचं दोन-तीन वर्षांत परत चढू लागतं. मला वाटतं, यात स्वभावाचा हात मोठा आहे. मानसशास्त्रात स्वभावाची पाच अंगं मोजतात. त्यातली शिस्त-चिकाटी आणि भावनिक अस्थिरता ही दोन इथे महत्त्वाची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या दीर्घकालीन अभ्यासात जवळपास २००० लोकांच्या ५० वर्षांच्या नोंदी तपासल्या (निष्कर्ष २०११ मध्ये आले). उतावळेपणात (हे भावनिक अस्थिरतेचंच एक उपांग) सर्वांत वरच्या १० टक्क्यांतल्यांचं वजन सर्वांत खालच्या १० टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलो जास्त निघालं. मग शस्त्रक्रियेआधी स्वभावचाचणी सक्तीची का नको?

आडवाटेने:
साफ असहमत. तुम्ही दिलेला अभ्यास सर्वसाधारण लोकांचा आहे, शस्त्रक्रिया झालेल्यांचा नाही. वजन कोणाचं वाढतं यावरून ते कोणाचं उतरेल हे कसं ठरवणार?

डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा १९८६ चा अभ्यास बघा. त्यांची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या वजन-घटवा स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. शिस्त कमी पडली म्हणायची का त्यांची? जगाने टीव्हीवर पाहिली होती ती.

आणखी एक. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात मनाने खंबीर असे ३६ निरोगी तरुण निवडून त्यांना अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, खचले, दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागले. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली! त्या वेळी त्यांची स्वभावचाचणी घेतलीही होती, आणि अर्धपोटी असताना तिच्यात खिन्नता वाढलेली निघाली. वर्षानुवर्षं डाएट करून थकलेल्या माणसाचा ‘स्वभाव’ मोजताना आपण नेमकं काय मोजतो?

तिरकस:
आधी ‘आळशी’ म्हणायचे, आता गुणपत्रिकेसकट म्हणणार. प्रगती आहे.

काजवा:
माझी शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून लिहिते. ‘ताण आला की जास्त खाता का?’ असा प्रश्न समोर आला की फाइल पुढे सरकवणारं उत्तर कोणतं, हे प्रत्येकाला कळतं. तिथे ‘हो’ म्हणायला कोण बसलंय?

सुईदोरा:
पेशाने समुपदेशक. काजवा यांचं म्हणणं अगदी खरं. आधीची चाचणी बहुतेक वेळा सजवलेलीच हाती येते. स्वभावावरून वजनाचं भाकीत करू पाहणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, आणि संबंध दिसला तरी तो क्षीण. कारण पहिल्या वर्षात लहान झालेलं जठर आणि बदललेली संप्रेरकंच बरंचसं काम करतात, त्यामुळे जवळपास सगळ्यांचंच वजन उतरतं. माणसामाणसांतला फरक नंतर दिसतो.

शस्त्रक्रियेनंतर ‘खाताना हात थांबत नाही’ असं रुग्ण सांगू लागला, तर ती पुढच्या त्रासाची जास्त भरवशाची खूण असते. जठराच्या बायपासनंतर (वजनासाठीच्या शस्त्रक्रियेचा एक प्रकार) दारू लवकर चढते, तिकडेही लक्ष ठेवावं लागतं. म्हणून हे प्रश्न नंतर विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. आधीच्या चाचणीवरून कोणाला नकार देण्याला माझा ठाम विरोध आहे.

निरभ्र:
नकार द्या असं मी कुठे म्हटलं? आधार कोणाला जास्त लागेल ते आधी कळावं, एवढंच. जीवनसत्त्वं जन्मभर घ्यायची, तपासणीला ठरल्या वेळी जायचं, ही कामं जठर करत नाही. तिथे चिकाटीच लागते.

आडवाटेने:
मग सेमाग्लुटाइडचं (भूक कमी करून वजन उतरवणारं इंजेक्शन) काय? २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, औषध नसलेली सुई टोचलेल्यांचं २.४ टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच. इंजेक्शन थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आलं. आठवड्याला एक सुई घेऊन चिकाटी आली आणि सुई थांबल्यावर गेली का?

निरभ्र:
सरासरी सांगून माणसामाणसांतला फरक पुसू नका. त्याच औषधावर काहींचं २० टक्क्यांहून जास्त उतरलं, काहींचं ५ टक्केही नाही.

आडवाटेने:
आणि तो फरक स्वभावाचाच, हे कशावरून?

काजवा:
तपासणी चुकवण्याबद्दल सांगते. मीही चुकवली. शिस्तीत माझे गुण उत्तम होते बरं का. वजन थोडं वाढलं होतं आणि काट्यावर उभं राहून पुन्हा तपासणाऱ्यांचा तोच चेहरा बघायचा धीर होत नव्हता.

निरभ्र:
ही लाज भावनिक अस्थिरतेचंच एक उपांग म्हणून मोजतात. माझ्याच बाजूचं झालं हे.

आडवाटेने:
लाज आणणाऱ्या चेहऱ्याची चाचणी कधी घेणार?

निरभ्र:
तीही घ्या. पण ज्याला ही लाज जास्त वाटते, तो तपासणीला यायचा बंद होण्याआधी ओळखायचा कसा? यावर अजून कोणी बोललेलं नाही.