भूजल डिस्ट्रिक्टला कर लावण्याचा अधिकार द्यावा का? (टेक्सास, हिल कंट्री)

प्रश्न

नमस्कार. ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत आम्ही सहा वर्षांपासून दोन एकरांच्या जागेवर राहतो. घराला नळजोडणी नाही, सगळी भिस्त स्वतःच्या बोअरवर आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत पाण्याची पातळी इतकी खाली गेली की पंप आणखी ६० फूट उतरवावा लागला. आता शेजारी नवी वसाहत उभी राहत असून तिच्यासाठी मोठ्या बोअरच्या परवान्याचा अर्ज आला आहे. आमच्या भागात भूजल संधारण डिस्ट्रिक्ट आहे (डिस्ट्रिक्ट म्हणजे येथे आपला महसुली जिल्हा नव्हे, तर एकाच कामासाठी कायद्याने उभारलेली स्थानिक संस्था), परंतु तिच्याकडे मोजकेच कर्मचारी आहेत आणि मालमत्ता कर लावण्याचा अधिकार नाही. तो अधिकार मिळावा का, यावर सध्या परिसरात चर्चा सुरू आहे. एका शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, जमीन आपली, तिच्याखालचे पाणी आपले, मग त्यावर कर कशासाठी द्यायचा? मला त्यांचे म्हणणे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. या संस्थांना पैसा नेमका कुठून मिळतो आणि त्यांचा कारभार कोणाला उत्तरदायी असतो, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (सॅन मार्कोसहून)

आपल्या शेजाऱ्यांच्या म्हणण्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा कायदा उभा आहे, म्हणून त्याकडे गांभीर्याने पाहायला हवे. १९०४ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वे कंपनीविरुद्धच्या खटल्यात असा निकाल दिला की, जमीनमालकाने स्वतःच्या जमिनीतून कितीही पाणी उपसले आणि त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली, तरी शेजाऱ्याला भरपाई मागता येत नाही. हे तत्त्व आजही लागू आहे. त्याचा अर्थ असा की, वसाहतीच्या मोठ्या बोअरने आपले पाणी ओढून नेले, तर न्यायालयाकडून फारशी आशा ठेवता येणार नाही. त्या उपशाला मर्यादा घालू शकणारी संस्था म्हणजे हे डिस्ट्रिक्टच. विधिमंडळाने १९४९ साली अशा संस्थांना मान्यता दिली, १९५१ साली लबक येथे पहिली संस्था उभी राहिली आणि आज राज्यात त्यांची संख्या शंभराच्या आसपास आहे.

पैशाचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मालमत्ता कर: राज्याच्या जल संहितेनुसार तो दर १०० डॉलर मूल्यांकनामागे जास्तीत जास्त ५० सेंट असू शकतो, मात्र त्याला मतदारांची संमती लागते आणि प्रत्यक्षातले दर या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. दुसरा मार्ग उपशावरील शुल्काचा. त्याची सर्वसाधारण मर्यादा शेतीसाठी एकर-फुटाला वर्षाला १ डॉलर आणि इतर वापरासाठी १० डॉलर इतकी आहे. एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उंच साठेल इतके, सुमारे सव्वातीन लाख गॅलन पाणी.

आता हिशेब करून पाहा. एक हजार घरांची वसाहत दर घरी वर्षाला एक लाख गॅलन वापरते असे धरले, तर एकूण उपसा सुमारे ३०७ एकर-फूट होतो आणि त्यावरचे शुल्क जेमतेम ३,०७० डॉलर भरते. एवढ्यात भूजलतज्ज्ञाचा एक महिन्याचा पगारही निघणे कठीण. याउलट १०० डॉलरमागे फक्त १ सेंट कर धरला, तर चार लाखांच्या घराला वर्षाला ४० डॉलर पडतात. तशी हजार घरे असतील, तर ४० हजार डॉलर जमतात. आपल्या भागातील हेज ट्रिनिटी डिस्ट्रिक्टला त्याच्या स्थापनेच्या कायद्यानेच मालमत्ता कर आणि उपसा शुल्क या दोन्हींची मनाई केली आणि त्याला नव्या जोडण्यांवरील शुल्कासारख्या उत्पन्नावर अवलंबून राहावे लागले. म्हणजे पाणी वाचवण्यासाठी जी संस्था स्थापन केली, तिचे उत्पन्न नवे बांधकाम वाढले तरच वाढते. मला ही रचना मुळातच चुकीची वाटते. याच हद्दीतला विंबर्लीचा जेकब्स वेल हा झरा २००० साली, नोंदी असलेल्या काळात प्रथमच, वाहायचा थांबला आणि त्यानंतरही अनेकदा थांबला आहे.

उत्तर (सॅन अँटोनियोहून)

कारभाराबद्दल थोडे लिहितो. सर्वसाधारणपणे संचालक मंडळात ५ ते ११ सदस्य असतात, त्यांची मुदत चार वर्षांची असते आणि बहुतेक ठिकाणी ते निवडून येतात. बैठका खुल्या असतात, अंदाजपत्रक मंडळ दरवर्षी मंजूर करते, आणि परवान्याच्या अर्जावरील सुनावणीत आपल्यासारख्या बोअरधारकाला म्हणणे मांडता येते. अडचण अशी की, या निवडणुकांकडे फार थोड्या लोकांचे लक्ष असते, आणि ज्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात त्यांचे मात्र नेमके असते.

आमच्याकडची एडवर्ड्स ॲक्विफर अथॉरिटी (एडवर्ड्स या भूजलसाठ्याच्या उपशाचे नियमन करणारी संस्था) १९९३ साली लुप्तप्राय जलचरांवरील केंद्रीय खटल्याच्या दडपणाखाली स्थापन झाली. तिलाही कराचा अधिकार नाही, ती वापरकर्त्यांच्या शुल्कावर चालते. पण तिच्या हद्दीत सॅन अँटोनियोसारखे मोठे शहर आहे, म्हणून ते तिला जमते. वार्षिक उपशाला ५ लाख ७२ हजार एकर-फुटांची कमाल मर्यादा आहे, आणि शहरातील जे-१७ या निरीक्षण विहिरीची दहा दिवसांची सरासरी पातळी समुद्रसपाटीपासूनच्या ६६० फूट उंचीपेक्षा खाली गेली की परवानाधारकांच्या उपशात २० टक्के कपात सुरू होते. आकडा सर्वांना रोज दिसतो, त्यामुळे कपातीवर वाद झाला तरी तो मोजमापावर होत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या शेजाऱ्यांना जरूर सांगा. २०१२ साली डे नावाच्या जमीनमालकाच्या खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीखालचे पाणी ही जमीनमालकाची मालमत्ता असल्याचे मान्य केले, त्यामुळे परवाना नाकारताना किंवा कापताना डिस्ट्रिक्टला नुकसानभरपाईच्या दाव्याचा धोका पत्करावा लागतो. ज्या संस्थेकडे वकिलाचे पैसे नाहीत, ती मोठ्या अर्जदाराला नाही म्हणायला कचरते.

उत्तर (मूळ पुणे, सध्या मुलीकडे ह्यूस्टनला)

महाराष्ट्रात भूजलाच्या कामात आयुष्य गेले, म्हणून लिहीत आहे. आपल्याकडच्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही जमीनमालकाला जमिनीखाली झिरपणारे पाणी काढण्याचा अधिकार आहे. टेक्सासच्या १९०४ च्या निकालाने ज्या १८४३ च्या इंग्रज निकालाचा आधार घेतला, त्याच विचारातून आपला कायदाही आला, त्यामुळे शेजाऱ्यांचा युक्तिवाद मी मराठवाड्यातही असंख्य वेळा ऐकला आहे.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. त्यात पाणलोट पातळीवरील समित्यांची तरतूद आहे, पण समितीला हक्काचे उत्पन्न नसेल तर तिचे काम यंत्रणेच्या सवडीवर चालते. हिवरे बाजारने वेगळा मार्ग घेतला. गावात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिके त्यानुसार ठरवायची आणि सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, असे ग्रामसभेने ठरवले आणि पाळलेही. तिथे कर नव्हता, पण गाव लहान होते आणि माणसे एकमेकांना ओळखत होती. हजारो घरे दर काही वर्षांनी विकली जाणाऱ्या भागात ती ओळख गृहीत धरता येत नाही, म्हणून तिथे पगारी माणूस आणि मोजणीचे यंत्र लागते. मी आपल्या जागी असतो तर कराच्या बाजूने उभा राहिलो असतो, परंतु किती निरीक्षण विहिरींवर किती वेळा पातळी मोजणार, हे अंदाजपत्रकात लिहून मागितले असते.

एक विचारतो: आपली बोअर परवान्यातून मुक्त आहे का? राज्याच्या कायद्यातील सूट १० एकरांहून मोठ्या जमिनीवरील, दिवसाला २५ हजार गॅलनपेक्षा जास्त पाणी देऊ न शकणाऱ्या घरगुती बोअरला आहे. दोन एकरांवर स्थानिक नियम लागू होतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. स्थानिक नियमांनुसार आमची बोअर मुक्त आहे, पण ती नोंदवलेली मात्र आहे. डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात आज चौकशी केली. खासगी बोअर स्वेच्छेने निरीक्षणासाठी दिली, तर ते पातळी मोजायला येतात. मी आमची दिली. वसाहतीच्या अर्जावर सुनावणी होईल, तेव्हा या ६० फुटांची नोंद आणि पंपवाल्याचे बिल घेऊन जाणार आहे. शेजाऱ्यांनाही सोबत येण्याची विनंती केली आहे. ३,०७० डॉलरचा हिशेब त्यांनी दोनदा करून पाहिला.